चाळीस फुटांवरून

७ सप्टेंबर २०२५, रविवार

निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं. या सव्वा वर्षात ही वही तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

दुपारी आल्हादचा फोन आला. तो सुखदाला लग्नाचं विचारणार आहे. तिकडे पोर्तुगालात, पोर्तोला, नदीकाठच्या बागेत, सूर्य मावळताना, गुडघ्यावर बसून, अंगठी पुढे धरून. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. आणि त्या वेळचे फोटो मी काढायचे. तिथला कोणी फोटोग्राफर नको म्हणाला. "काका, तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फोटो तिच्या बाबांनीच काढला पाहिजे."

चौतीस वर्षं फॅक्टरीच्या फोटो विभागात काढली. तडा गेलेले सुटे भाग, वाकलेले पाइप, साहेबांचे निरोपसमारंभ. कोणी कधी मला बोलावून, खास मीच हवा म्हणून, फोटो काढायला सांगितलं नव्हतं.

आल्हाद मूळ नागपूरचा. तिथे पोर्तोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, सुखदा औषधांच्या कंपनीत. दोन वर्षांची ओळख. गेल्या डिसेंबरात दोघं चार दिवस आपल्याकडे राहून गेले, तेव्हा भेडाघाटला नावेत चढताना त्याने माझ्या बायकोला, नंदाला, हात दिला होता. मला तो तेव्हाच आवडला. सध्या सुखदा जरा रुसली आहे म्हणे, त्याचे फोन नीट उचलत नाही. "तुम्हाला समोर पाहिलं की सगळा राग जाईल," म्हणाला. किती विचार करतो हा मुलगा.

९ सप्टेंबर, मंगळवार

नंदाला सांगितलं. वाटलं होतं, नाचेल. ती सिहोऱ्याच्या शाळेत शिकवून आली होती, बसमध्ये उभं राहून पाय दुखत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काहून नाही बोलावलं त्यानं?"

मी म्हटलं, तुझ्या शाळेच्या परीक्षा आहेत, आणि कॅमेरा मी चालवतो. ते तिला पटलं नाही. मग म्हणाली, सुखदाच्या कानावर घाला. मी म्हटलं, मग ते गुपित कसलं? ती वह्या तपासायला बसली. थोड्या वेळानं मान वर न करताच बोलली की मे महिन्यापासून सुखदाच्या तोंडून आल्हादचं नाव आलेलं नाही. माझ्या तर हे लक्षातही आलं नव्हतं. पोरी लाजतात, मी म्हटलं. एकोणतिसाव्या वर्षी, नंदा म्हणाली, आणि विषय संपला.

२१ सप्टेंबर, रविवार

व्हिसा झाला. दिल्लीला दोन फेऱ्या झाल्या. मोठी लेन्स साफ केली. सराव म्हणून शेजारच्या अनुपमजींना ग्वारीघाटावर नेलं आणि त्यांच्या बायकोसमोर गुडघ्यावर बसवलं. ते बसले, पण उठवायला दोघं लागले. मी चाळीस फुटांवर उभा राहून एका दमात तीस फोटो काढले, सगळे स्वच्छ आले.

आल्हादने सूचना पाठवल्या आहेत. फार व्यवस्थित मुलगा. मी बागेतल्या कठड्यामागे उभं राहायचं. तो तिला अशी उभी करील की तिचा चेहरा माझ्याकडे असेल. आजूबाजूला भरपूर लोक असले पाहिजेत, म्हणून शनिवार निवडलाय. मी विचारलं, रुसली आहे तर येईल का ती? तो हसला. "शेवटचं एकदा भेटू, असं सांगून बोलावलंय काका. नाटक आहे." मलाही हसू आलं. डोकं चालतं पोराचं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सुखदाचा फोन आला. सोनं वाटायला मी खाली जाऊन राहिलो होतो, नंदा अंघोळीला गेली होती. सुखदा म्हणाली, "बाबा, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. आल्हादबद्दल." तोंडून काही निसटलं तर महिन्याभराची मेहनत वाया जायची. मी म्हटलं, बेटा, खाली लोक थांबलेत, दिवाळीत निवांत बोलू. ती म्हणाली, "अच्छा. चलो, दिवाळीत."

वाचलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. पोर्तो

पोहोचलो. विमानात झोप नाही. आल्हाद घ्यायला आला होता, वाकून नमस्कार केला. मी त्याच्याच घरी उतरलो आहे. सुखदाची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, जुलैत तिने घर बदललं. मी विचारलं, लांब काहून गेली? तिच्या त्या सलोनीने डोक्यात भरवलं असेल, म्हणाला. सलोनी ही तिची मैत्रीण, इंदूरची. आल्हादला ती आवडत नाही.

संध्याकाळी जागा पाहून आलो. नदीच्या पलीकडे उतारावरची बाग, खाली होड्या, बाजूला लोखंडी पूल, पुलावरून गाडी जाते. लोक गवतावर बसून सूर्यास्ताची वाट पाहतात. प्रकाश इतका सुंदर की कोणीही उभं राहिलं तरी फोटो चांगला येईल.

१२ ऑक्टोबर, रविवार सकाळ

काल झालं. रात्री फोटो निवडत बसलो, म्हणून सकाळी लिहितो आहे.

मी साडेसहापासून कठड्यामागे होतो. सुखदा सात वाजायला थोडा वेळ असताना आली. निळा कोट, केस बांधलेले, वाळली आहे. हातात एक मोठी कागदी पिशवी होती, ती फ्रेममध्ये वाईट दिसत होती. नंतर कापून टाकू, असं मनात म्हटलं. ती पिशवी त्याला द्यायला गेली, त्यानं घेतली नाही. तिचं मनगट धरलं आणि खाली बसला. मी बटण दाबून धरलं.

माझ्या लेन्समध्ये माझी मुलगी होती, इतकी जवळ की कानातला खडा दिसत होता. तिला धक्का बसला होता. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. मग तिनं मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. काही बोलली. आल्हादनं वळून माझ्या दिशेनं मूठ उंचावली आणि सगळी बाग टाळ्या वाजवायला लागली. गिटार वाजवणारा थांबून शिट्ट्या मारून राहिला होता. मी रडत होतो आणि बटण दाबत होतो.

मी धावत गेलो. अंगठी बोटात घालून झाली होती. सुखदा हसली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती इतकी कापत होती की मी माझा मफलर तिच्या गळ्यात घातला. नदीवरून वारा होता.

जेवायला मोठ्या हॉटेलात गेलो. तिनं काही खाल्लं नाही, तीनदा हात धुवायला उठली. मी कुठे उतरलो हे तिनं विचारलं. आल्हादच्या घरी, म्हटल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. एवढ्या आनंदात कोणाला भूक लागते?

मध्येच म्हणाली, उद्या मी बाबांना घेऊन फिरते, आम्ही दोघंच. पण आल्हादनं तिघांसाठी होडीची सफर आधीच ठरवली होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार. विमानतळ

परत निघालो. काल दिवसभर तिघंच होतो. सुखदा होडीत माझ्या शेजारी बसली, आल्हाद तिच्या शेजारी. दोनदा ती माझ्याकडे झुकून काही म्हणाली, पण इंजिनचा आवाज होता आणि आल्हाद तेवढ्यात काहीतरी दाखवायचा.

आज निरोप घेताना तिनं माझी बाही धरली. "पोहोचलात की फोन करा. मला करा, बाबा." मी म्हटलं, हो गं, तुलाच करणार ना.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. जबलपूर

घरी आल्यापासून फोन थांबत नाही. बारा निवडक फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पिशवी कापली. नागपूरहून माझी बहीण दीपा रडली फोनवर. ती आल्हादच्या घरी पेढे घेऊन जाऊन आलीसुद्धा, त्याचे आईवडील साखरपुड्याची तारीख विचारून राहिले आहेत. मीही बडा फुहाऱ्याच्या बाजारातून पेढे आणून आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या ओळखीच्या घरांत वाटले.

पोहोचल्याचा फोन आल्हादलाच केला. सुखदाला देतो म्हणाला, मग म्हणाला ती कामात आहे. राहून गेलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

नंदानं फोटो पुन्हा पाहिले. तिनं एकाही फोटोला छान म्हटलेलं नाही. आज पणत्या भिजत घालताना विचारलं, "काय म्हणाली हो ती? शब्द काय होते?"

मी म्हटलं, हो म्हणाली.

"तुम्ही ऐकलं?"

मी सांगायला लागलो की सगळे टाळ्या वाजवत होते, आल्हादनं हात वर केला. नंदा म्हणाली, "ते नाही विचारून राहिले मी. सुखदाचा आवाज तुमच्या कानांनी ऐकला?"

मी चाळीस फुटांवर होतो. नाही ऐकला.

म्हणालीच असेल ना, मी म्हटलं. नंदानं पुढची पणती पाण्यात सोडली. मला राग आला. दिवाळीच्या तोंडावर ही काय उलटतपासणी.

१९ ऑक्टोबर, रविवार

राग घेऊनच सकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो. म्हटलं, हिला दाखवतोच. आता दुपारचे दोन वाजले आहेत. जेवलो नाही.

सगळे फोटो क्रमानं लावले. मी बारा निवडले होते ते सुंदर दिसतात म्हणून. क्रमानं कधी पाहिलेच नव्हते.

आल्हाद खाली बसतो. ती मागे सरकते. पुढच्या फोटोत तिचं मनगट ताणलेलं आहे, कारण तो सोडत नाही. मी मोठं करून पाहिलं. त्याचा अंगठा जिथे दाबलाय तिथे तिची कातडी पांढरी पडली आहे. ती उजवीकडे पाहते, लोकांकडे. डावीकडे पाहते, पुलाकडे. हे पाहणं मी ओळखतो. बंद दारं असलेल्या खोलीत माणूस असं पाहतो. मग ती समोर पाहते आणि तिला मी दिसतो.

मग ती बोलते. फोटो एकामागून एक: ओठ मिटलेले. उघडे. पुन्हा मिटलेले. पुन्हा उघडे.

मी उठून बाथरूममधल्या आरशासमोर उभा राहिलो आणि "हो" म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. "हो" म्हणताना ओठ मिटत नाहीत. इंग्रजीतलं म्हणून पाहिलं, त्यातही मिटत नाहीत.

परत कॉम्प्युटरसमोर येऊन नंदाला हाक मारली. ती माझ्या मागे उभी राहून चारही फोटो पाहत होती. मी विचारलं, काय म्हणते आहे ही? नंदाचा आवाज फुटला नाही, पण कॉम्प्युटरच्या काचेत मला तिचे ओठ दिसले.

बाबा.

२० ऑक्टोबर, सोमवार

काल नंदानं फोन लावला, पण सुखदानं उचलला नाही. आज सकाळी तिचा आला. नंदानं तो स्पीकरवर ठेवला, मी शेजारी बसलो होतो. जे ऐकलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मला नंतर स्वतःला वेगळं काही सांगता येणार नाही.

तिनं आल्हादला मे महिन्यातच सांगितलं होतं की हे नातं पुढे न्यायचं नाही. तो ऐकेना म्हणून जुलैत घर बदललं, सलोनीच्या मदतीनं. पंधरा ऑगस्टच्या आसपास तो नव्या घराच्या दाराशी आला. तेव्हा तिनं पुन्हा नाही म्हटलं, दारातून, साखळी न काढता. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यानं मला फोन केला.

"शेवटचं भेटू" यावर तिनं विश्वास ठेवला होता. त्या कागदी पिशवीत त्याचा स्वेटर होता, चार्जर होता आणि त्याच्या घराची किल्ली होती. परत द्यायला आणलं होतं.

मी विचारलं, मग तिथेच काहून नाही सांगितलं? माझ्याजवळ आल्यावर?

ती म्हणाली, "तुम्ही रडत होता, बाबा. आणि तुम्ही त्याच्या घरी राहिला होता. मला वाटलं तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तरी तुम्ही आलात."

नंदानं फोन उचलला आणि ती आत गेली. आज लक्ष्मीपूजन होतं. पणत्या अनुपमजींच्या बायकोनं येऊन लावल्या. त्यांना वाटलं, आम्हाला बरं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आल्हादला फोन केला. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा लाजेल. तो अगदी शांत होता. सुखदा नेहमीच घाबरते, तिला ढकलावं लागतं, म्हणाला. "फोटोत बघा ना काका, किती खुश आहे. तुम्हीच काढलेत. तुम्हीच सगळ्यांना पाठवलेत."

हे खरं आहे.

मग म्हणालो, हे लग्न होणार नाही. यापुढे तिला फोन करायचा नाही, तिच्या दाराशी जायचं नाही. तो म्हणाला, तुम्ही दमला आहात, नंतर बोलू. आणि मला "बाबा" म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळपर्यंत एकेका नातेवाइकाला फोन केले. दीपा म्हणाली, पण पोरगी हसते आहे ना फोटोत. सगळ्यांनी हेच म्हटलं. मी प्रत्येकाला सांगितलं की ती हो म्हणालीच नव्हती, मी न ऐकताच सांगितलं. सहाव्या फोनपासून हे वाक्य अडखळल्याशिवाय जमायला लागलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

सुखदा सलोनीकडे राहायला गेली आहे. अंगठी तिनं सलोनीच्या हाती परत पाठवली, ती त्यानं घेतली नाही. दोनदा तो तिच्या कंपनीच्या दारासमोर उभा होता, हातात आमचा होडीतला तिघांचा फोटो. रखवालदारानं हटकलं तर तो म्हणाला, ही माझी होणारी बायको आहे, हे तिचे वडील. आणि फोटो दाखवला.

मी नंदाकडून निरोप दिला, मी येतो तिकडे, उद्याच निघतो. ती नको म्हणाली. हे तिनं नंदाला सांगितलं. माझ्याशी ती बोलत नाही. रोज नंदा आतल्या खोलीत फोन घेते, मी बाहेर बसतो. फोन झाला की नंदा येऊन मला जरुरीपुरतं सांगते. नंदाची काही तक्रार नाही. मलाच तिच्या तोंडाकडे पाहवत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुखदानं तिथल्या पोलिसांकडे तक्रार दिली. आल्हाद त्यांना म्हणतो की त्यांचं लग्न ठरलंय, मुलीच्या वडिलांसमोर ठरलंय, फोटो आहेत. म्हणून पोलिसांनी विचारलं की वडील काय म्हणतात.

नंदानं निरोप दिला: तुमचं लेखी निवेदन हवंय, आणि सगळे फोटो, न कापलेले, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं.

९ नोव्हेंबर, रविवार

निवेदन लिहिलं. सकाळपासून पाच वेळा. पहिल्या चार वेळा मी स्वतःला सांभाळून घेत होतो, ते नंदानं वाचताच ओळखलं. पाचवं असं:

"मी सुखदाचा बाप. आल्हादच्या सांगण्यावरून मी गुप्तपणे पोर्तोला गेलो. माझ्या मुलीला मी काहीही विचारलं नव्हतं. ती मला बोलायचं आहे म्हणाली तेव्हा मी ऐकलं नाही. मी साधारण चाळीस फुटांवर होतो. मी तिचं उत्तर ऐकलं नाही. ऐकलं असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. आल्हादनं तिचं मनगट धरून ठेवल्याचं फोटोत दिसतं. एवढ्या अंतरावरून तिनं मला ओळखलं असावं."

खाली सही केली. नंदानं इंग्रजी करून दिलं. फोटोंसोबत पाठवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी माझा फोन वाजला. माझा, नंदाचा नव्हे. सुखदा होती.

मी "बेटा" म्हटलं. तिनं सांगितलं की आल्हादला पोलिसांनी बोलावून लेखी ताकीद दिली आहे, तिच्या घराजवळ किंवा कंपनीजवळ दिसला तर पुढची कारवाई होईल. अंगठी पोलिसांमार्फत गेली. ती सलोनीकडेच राहणार आहे, नोकरी सोडणार नाही. आवाज दमलेला होता, पण तिचा होता. मी नुसता हो, हो करत राहिलो.

मग म्हणाली, "बाबा, निवेदन वाचलं. पोलिसांपुरतं झालंय. पण एक दुरुस्ती आहे."

मी म्हटलं, सांग.

"ओळखलं असावं, असं लिहिलंय तुम्ही. ओळखलं होतं. मी 'बाबा' म्हणाले, आणि मग तुमच्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी. दोनदा. मला वाटलं, आता तुम्ही कॅमेरा खाली घ्याल."

मी म्हटलं, असा एकही फोटो नाही, सुखदा. मी क्रमानं पाहिलेत सगळे.

"असेल," ती म्हणाली. "बघा एकदा."

फोन ठेवल्यावर मी कार्ड पुन्हा कॉम्प्युटरला लावलं. पोर्तोतच, त्याच रात्री, हललेले फोटो मी कार्डवरच वेगळ्या फोल्डरात काढून ठेवले होते, कारण ते कोणाला दाखवण्यासारखे नव्हते. सात आहेत. मागे पूल, होड्या, लोक, आल्हादची पाठ, सगळं स्वच्छ आलं आहे. फक्त तिचा चेहरा हललेला आहे. तीन फोटोंत डावीकडे, चारांत उजवीकडे.

सातही फोटो पाठवले आणि निवेदनातलं शेवटचं वाक्य बदललं. आता तिथे असं आहे:

"तिनं मला ओळखलं आणि माझ्याकडे पाहून दोनदा नकाराची मान हलवली. मी फोटो काढत राहिलो."